ओहोटीला खडपात उतरताना आणि फोटो टाकताना कुठले अलिखित नियम पाळतात?

खाडीकाठ (प्रश्न)

दापोली-गुहागर पट्ट्यातले आम्ही काही जण आहोत. ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, उतरायचं, डबक्यांतले जीव बघायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि ओळख पटली की आयनॅचरलिस्टवर (जिवांच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप) नोंद करायची, असा बेत आहे. किनारी जीवांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातही शिरलो आहोत. तिथे लिहिलेले नियम तीनच: राजकारण नको, सुप्रभात नको, फॉरवर्ड नको. न लिहिलेले मात्र बरेच दिसतात. जिवंत शंख तळहातावर घेतलेला फोटो आला की ग्रुप एकदम गप्प. ‘कुठे सापडलं?’ विचारलं की ‘रत्नागिरी जिल्हा’ एवढंच उत्तर. नुसतं ‘हे काय आहे?’ लिहिलं तर कुणी ढुंकून बघत नाही.

तर ओळख कशी विचारायची, दगड उचलायचे की नाही, ठिकाण किती सांगायचं आणि गावातल्या माणसांशी कसं वागायचं, हे जाणकारांनी सांगावं. कारणासकट सांगितलंत तर आमच्यातल्या दोघा-तिघांना पटवणं सोपं जाईल.

---

तोंडवर

ओळख विचारण्यापासून सुरू करतो, नव्या माणसाचं पहिलं घोडं तिथेच अडतं. ‘हे काय आहे?’ला उत्तर येत नाही ते तुसडेपणामुळे नव्हे. ज्या भागावरून ओळखायचं तो भागच फोटोत नसतो.

खेकड्याचे तीन फोटो लागतात: पाठ सरळ वरून, समोरून दोन डोळ्यांमधली कड, आणि दोन्ही नांग्या. पाठीच्या कवचाला पुढच्या कडेने जे दाते असतात ते मोजता आले पाहिजेत. तिरका, नांगी उगारलेला फोटो दिसायला झकास, पण ओळखीच्या कामाचा नाही. रिकाम्या शंखाचे दोन फोटो, एक तोंडाच्या बाजूने आणि एक पाठीच्या, दोन्हींत टोक वर. न्यूडिब्रँक, म्हणजे ती रंगीत बिनशंखाची समुद्री गोगलगाय, पाण्यातच टिपायची. डोक्यावरची दोन शिंगं आणि पाठीच्या मागच्या टोकाला असला तर कल्ल्यांचा झुपका (डोरिड गटातल्यांना असतो तो), हे उघडे दिसले पाहिजेत. बाहेर काढली की ती सगळं आत ओढून घेते आणि फोटोत बिनओळखीचा गोळा येतो. जिवंत जीव हातात धरलेल्या फोटोवर ग्रुप गप्प होतो त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं म्हणजे जिवाला होणारा त्रास, ते पुढे कुणी सांगेलच.

मापासाठी लोक नाणं ठेवतात. नाणी बदलत राहतात, त्यापेक्षा प्लास्टिकची पट्टी पाच सेंटिमीटरवर कापून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा. जिवावर नाही, शेजारी ठेवायची.

फोटोखाली एक ओळ पुरते, पण ती पूर्ण हवी. अशी: “१२ जानेवारी, गुहागर तालुका, खालच्या टप्प्यातलं डबकं, दगडाच्या तळाला चिकटलेला, १८ मिमी, जिवंत. डोरिड वाटतो, पुढे ठाऊक नाही.” शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा अंदाज चुकला तरी चालतो, पण अंदाज केलात म्हटल्यावर समोरचा बोलायला लागतो.

मग एक दिवस थांबायचं. तासाभराने ‘कुणी सांगेल का?’ लिहू नये, आणि त्याच त्या दोन जाणकारांना दर वेळी टॅग करू नये. एकच फोटो चार ग्रुपांत टाकला असेल तर एका ठिकाणी मिळालेलं उत्तर बाकी तिघांनाही कळवायचं, नाहीतर तीन माणसं उगाच पुस्तकं चाळत बसतात. ‘धन्यवाद सर’च्या ऐवजी मूळ फोटोला रिप्लाय देऊन पक्कं झालेलं नाव लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ मेसेज पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही, त्यामुळे रिप्लाय हाच मार्ग. सहा महिन्यांनी कुणी ग्रुपात शोधलं तर नाव आणि फोटो एकत्र सापडतात.

आयनॅचरलिस्टवर नवे लोक एक गोष्ट हमखास करतात. कुणी नाव सुचवलं की आभार मानल्यासारखं ‘अ‍ॅग्री’ दाबतात. ते आभाराचं बटण नाही. ‘मी स्वतः लक्षणं तपासली आणि मलाही हेच वाटतं’ असा त्याचा अर्थ. तुमचं एक आणि सुचवणाऱ्याचं एक अशी दोन मतं जुळली की नोंद रिसर्च ग्रेड (अभ्यासाला वापरण्याजोगी) होते, म्हणजे प्रत्यक्षात एकाच माणसाचं मत दोघांचं म्हणून नोंदलं जातं. स्वतःला खात्री नसेल तर ‘खेकडा’ किंवा वंशाचं नाव एवढ्यावर थांबा. अ‍ॅप जे नाव पहिलं सुचवतं तेही डोळे झाकून घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावरच्या बारक्या जिवांचे फोटो त्याने कमी पाहिलेत, त्यामुळे ते दुसऱ्याच समुद्रातला दिसायला सारखा भाऊबंद पुढे करतं.

आणि एका नोंदीत एकच जीव. त्याचे पाच फोटो चालतील, पाच जिवांचे पाच फोटो नाही.

---

भांग_उधाण

आधी वेळ. आपल्याकडचा जुना हिशेब असा: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आली ती भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली की सव्वाअकरा, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सव्वापाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच हा हिशेब वापरायचा. बेत आखायला तो पुरतो, खडपात उतरायला नाही. त्यासाठी जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. मुंबईचा तक्ता दाभोळला किंवा मालवणला लावू नका. दक्षिणेकडे वेळ लवकर येते आणि उतारही कमी असतो: मोठ्या उधाणाला मुंबईकडे पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं.

पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन दिवस, हे खडपाचे दिवस. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी हटतच नाही. त्या दिवसांत फेरी ठरवणाऱ्याला जुने लोक कोपरखळी मारतात ती त्यामुळे.

सुकतीच्या तळाच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाण्यामागून खाली जायचं. तक्त्यात तळाची जी वेळ आहे तीच परत फिरायची वेळ. पायाला पाणी लागल्यावर निघणं म्हणजे उशीर. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं, आणि खडपाच्या मागची सखल घळ पुढच्या खडकाआधी भरते. तुम्ही कोरड्यावर उभे असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. म्हणून प्रत्येक फेरीत एक जण फोटो काढत नाही, दर्याकडे तोंड करून उभा राहतो. तो ‘वळलं’ म्हणाला की वाद न घालता सगळे निघतात, समोर कितीही सुंदर काही असो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर खडप बंद, त्याला अपवाद नाही.

आता दगड. दोन हातांनी अलगद हलतो तेवढाच उचलायचा. पलीकडची कड आपल्याकडे ओढून उघडायचा, म्हणजे खालून काही सुटलं तर ते पायावर न येता समोर पळतं. मिनिटभरात फोटो, आणि दगड होता तसा परत. ठेवण्याआधी खालचे खेकडे आणि ठिसूळ तारे (ब्रिटल स्टार) बाजूला सरकू द्या, नाहीतर आपणच ते चिरडतो. दगड उलटाच राहिला तर दुहेरी नुकसान. तळाला चिकटलेले स्पंज, चपटे कृमी, अंड्यांचे पुंजके उन्हात वाळून मरतात, आणि वरचं शेवाळ उजेड न मिळाल्याने कुजतं. एकाने उघडलेला दगड त्या दिवशी दुसऱ्याने उघडायचा नाही. दहा जणांच्या फेरीत हा संकेत पाळला नाही तर एकेक दगड दहा वेळा उघडतो, आणि मग खाली बघायला काही उरत नाही.

हात आधी डबक्यात ओले करायचे. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेला हात पाण्यात घालायचा नाही. केंड, म्हणजे फुगणारा मासा, गंमत म्हणून बाहेर काढू नये. हवा गिळून फुगला तर ती त्याला सहज सोडता येत नाही आणि तो उलटा तरंगत राहतो. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर बोट लावू नका, खिशात तर मुळीच घालू नका. त्याचा विषारी काटा निमुळत्या टोकाकडून बाहेर येतो आणि वळतो. अगदी खालच्या टप्प्यात खडकावर बटणांच्या सतरंजीसारखं जे पसरलेलं असतं ते झोअँथिड. त्यावर पाय देऊ नका: एक तर ते जिवंत आहेत, दुसरं म्हणजे भयंकर निसरडे, आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लपलेला असेल तर निसटून जातो. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. काटा आत मोडला असेल तर स्वतः उपटू नका.

पायात बंद बूट. चपला कालवांवर टिकत नाहीत, आणि कालवाची धार लागलेली जखम हमखास चिघळते.

गावाचं म्हणाल तर खडप रिकामं नसतं. कालवं, तिसऱ्या (खायचे शिंपले) काढणाऱ्या बायका तुमच्या आधी उतरलेल्या असतात, आणि तुमच्यासाठी जी हौस आहे ती त्यांची चूल आहे. वर उभं राहून आधी विचारायचं, “मावशी, आम्ही फोटो काढायला आलोय, कुठल्या बाजूने उतरू?” त्या कालवं काढतायत त्या टप्प्यात शिरायचं नाही. टोपलीत हात घालून दगड-शिंपले चाळायचे नाहीत. त्यांचा चेहरा किंवा कामाचा व्हिडिओ परवानगीशिवाय नाही. आणि ‘कालवं काढू नका, पर्यावरण बिघडतं’ हे व्याख्यान तर चुकूनही द्यायचं नाही. ग्रुपात असं कुणी लिहिलं की तिथेही गप्पच पसरते, आणि रास्त पसरते.

---

वाळूतली रेघ

ठिकाण किती सांगायचं, हे जीव कोणता त्यावर ठरतं. ‘रत्नागिरी जिल्हा’ हे उत्तर उर्मटपणाचं वाटलं तरी ती इथली रीत आहे, आणि ती पक्ष्यांच्या फोटोग्राफीत हात पोळल्यावर पडली. तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणात घरटं करतो, ओढ्याच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून. एका घरट्याचा पत्ता फुटला की रविवारी तिथे ट्रायपॉडांची रांग लागते. माणसं हटेपर्यंत आईबाप चोचीत सरडा धरून फांदीवर ताटकळतात आणि पिल्लं उपाशी राहतात. म्हणून घरटं, वीण, अंडी यांचं ठिकाण हंगाम संपेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही. विचारायचंही नाही. ‘कुठे?’ हा प्रश्न ग्रुपात जाहीर विचारणं हेच अशिष्ट समजतात. अगदी हवं असेल तर खाजगीत, का हवं ते सांगून.

कासवाचं तर अजून कडक. ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात रात्री वाळूवर येऊन अंडी घालते. पहाटे वाळूत दोन्ही बाजूंनी वल्ह्यांचे ठसे असलेली रुंद माग दिसली तर फोटो टाकण्याआधी गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला कळवा. हेल्पलाइनचा क्रमांक १९२६. घरट्याभोवती गोल करून उभं राहू नका, काठी खुपसून ‘बघू’ नका. वेळास, आंजर्ले अशा गावांत पिल्लं सोडताना बघायची सोय असते, तिथे गावाचेच नियम चालतात: दोरीच्या अलीकडे, फ्लॅश बंद, पिल्लाला हात नाही. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून बॅटरी आणि मोबाइलचा उजेड त्यांना दर्याऐवजी उलट्या दिशेला नेतो.

नुसतं गावाचं नाव गाळून भागत नाही. मागे दीपस्तंभ, धक्का किंवा देवळाचा कळस आला की किनारा ओळखता येतो. आणि वर ‘तोंडवर’ यांनी सांगायचं राहिलं ते असं: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि आतली माहिती निघून जाते, पण बारकावे दिसावेत म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जीपीएससकट जातो. खडपात उतरण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि जागा वहीत लिहा.

---

कालवं आणि कोष्टक

वरच्याशी अर्धाच सहमत. घरटं आणि कासव ठीक. पण आता लोक खडकाला चिकटणाऱ्या साध्या बार्नकलचं आणि खडपातल्या काळ्या खेकड्याचंही ठिकाण झाकायला लागलेत, आणि तो निव्वळ रुबाब आहे. ज्या नोंदीला जागा नाही ती पुढे कुणाच्या उपयोगाची? उद्या एखाद्या खडपावर धक्का बांधायचा ठरला किंवा डांबराच्या गोळ्यांनी किनारा माखला, तर ‘इथे आधी काय होतं’ हे दाखवायला आपल्याकडे फक्त ‘रत्नागिरी जिल्हा’ असेल.

आयनॅचरलिस्टवर यासाठी मधला मार्ग आहे. नोंदीची जिओप्रायव्हसी ‘ऑब्स्क्युअर्ड’ केली की खरा बिंदू दडतो आणि साधारण वीस किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो. खरा बिंदू तुमच्याकडे आणि तुम्ही विश्वासाने परवानगी दिलेल्यांकडे राहतो. तेव्हा बिंदू अचूक टाका आणि झाका. मुद्दाम चुकीचा बिंदू टाकणं हा मात्र गुन्हाच समजा. ती खोटी नोंद पुढे कुणी नकाशात घेतली की ती उपटून काढणं फार जड जातं. कोकणाच्या किनाऱ्यात आणखी एक अडचण आहे. चौकोनाचा निम्मा भाग समुद्रात जातो, त्यामुळे जमिनीवरच्या जिवाचा ठिपका कधी भर समुद्रात दिसतो. ते बघून कुणी ‘जागा चुकली’ असा शेरा मारायच्या आधी नोंद झाकलेली आहे का ते पाहावं.

माझा हिशेब: हातात मावणारं, मौल्यवान आणि हळू हलणारं जे जे, ते झाकायचं. समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ, मोठे चकचकीत शंख. बाकी सगळं उघडं.

एक कमी बोलली जाणारी गोष्ट. स्थानिक नाव कुणी सांगितलं असेल तर तेही नोंदीत लिहा, गावासकट. एकाच शिंपल्याला दोन खाड्यांच्या काठी दोन नावं असतात. आणि सांगणाऱ्याला विचारून त्याचं श्रेय द्या. विचारल्याशिवाय नाव टाकू नका, काहींना नको असतं.

---

खाडीकाठ

बराच उलगडा झाला. दोन शंका उरल्या. आमच्यात एक शिक्षिका आहेत, त्यांना शाळेतली वीसेक मुलं आणायची आहेत. आणि शाळेसाठी रिकामे शंख-शिंपले गोळा केले तर ग्रुपवाले नाराज होतील का?

---

भांग_उधाण

वीस मुलं एका वेळी खडपात नकोत. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एका वेळी दोनच तुकड्या खाली. उरलेल्यांना वाळूवर बसवून भरतीने टाकलेलं काय काय आहे ते बघायला द्या. लहान मुलांना अगदी खालच्या टप्प्यात नेऊ नका, वरच्या आणि मधल्या डबक्यांत त्यांच्यापुरतं भरपूर असतं. दगड उचलायचा तो मोठ्यांनी, मुलांनी बघायचं. बादलीत घालून दाखवायचं असेल तर पाणी त्याच डबक्यातलं, बादली सावलीत, एका वेळी एक जीव, दोन-तीन मिनिटं, आणि परत त्याच डबक्यात. खेकडा आणि मासा एका बादलीत घातले की मुलांसमोरच नको ते घडतं.

वाळूवर निळी चकती किंवा निळसर फुगा आणि त्याला लांब दोरे दिसले तर हात लावू द्यायचा नाही. पावसाळ्यात आणि आगेमागे हे किनाऱ्याला लागतात. फुगेवाला फायसेलिया मेल्यावरही चावतो, म्हणजे त्याच्या दोऱ्यांतल्या डंख मारणाऱ्या पेशी उडत राहतात.

कालवं आणि कोष्टक

शंखांचं: रिकामा दिसला तरी आत बघा. शंखातला खेकडा खोल शिरून बसलेला असतो. शंख तोंड वर करून पाण्यात ठेवा आणि दोन मिनिटं थांबा, पाय बाहेर येतात. भरतीच्या रेषेवरचे फुटके-घासलेले शिंपले मूठभर न्यायला कुणी काही म्हणत नाही. खडपातल्या डबक्यातला धड, मोठा रिकामा शंख मात्र तिथेच ठेवायची रीत आहे, कारण वाढत्या खेकड्याला घर बदलायला तोच लागतो.

प्रवाळाचा मेलेला तुकडा, समुद्रपंखा, वाळलेला समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना हात लावू नका. हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. काही शंखही आहेत, आणि ‘किनाऱ्यावर मेलेलं सापडलं’ ही सबब तिथे चालत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच उचलायचं नाही, साधा शिंपलाही नाही.

शाळेत ठेवायचेच असतील तर गावात कालवं-तिसऱ्या खाऊन टाकलेल्या शिंपा मागून आणा. गोड्या पाण्यात दोन दिवस, रोज पाणी बदलून, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या तर रंग उडतो. प्रत्येकीला चिठ्ठी: गाव, तारीख, कुणी दिली, आणि ते लोक तिला काय म्हणतात.